दौलताबादहून दिल्ली

सकाळचे साडेआठ वाजून गेलेत आणि कुतुबमिनार अजून अर्धाच दिसतोय. दुसऱ्या सज्जाच्या वर नुसतं धुकं. तिकीटखिडकीपासून आत येईपर्यंत धाकट्याने तीनदा विचारलंय, "वरचा तुटलाय का?" आई काहीच बोलत नाही. शालीचं टोक नाकावर धरून, मान मागे टाकून ती उभी आहे.

बत्तीस वर्षं तिने हा मिनार शिकवलाय. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, भिंतीवर ऐतिहासिक वास्तूंचा तक्ता. त्या तक्त्यात कुतुबमिनार तळहाताएवढा होता, लाल किल्ला आणि ताजमहाल यांच्या मधोमध. खाली लिहिलेलं : उंची ७२.५ मीटर. साडेबहात्तर मीटर म्हणजे किती, हे मुलांना कळायचं नाही. मग आई सगळ्यांना खिडकीशी न्यायची आणि किल्ल्यातला चांदमिनार दाखवायची. "हा बघा. दिल्लीचा याच्याहूनही उंच." तिने स्वतः मात्र दिल्लीचा कधी पाहिला नव्हता. आज एकाहत्तराव्या वर्षी पाहतेय, तर निम्मा धुक्यात.

"थांबू या," ती म्हणते. "उन्हं आली की दिसेल."

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे. आईचा उपास. पहाटे साडेपाचला उठून तिने खोलीतल्या टेबलावर स्टीलच्या तांब्याचा घट मांडला, घरून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेली आंब्याची पानं त्यात लावली आणि हळू आवाजात पोथी वाचली. मुलं रजईतून एक डोळा उघडून बघत होती. आम्ही काल सचखंड एक्सप्रेसने आलो. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी संभाजीनगरच्या माणसाला थेट दिल्लीत आणून सोडते, आणि वाटेत शीख सेवेकरी डब्याडब्यात लंगर वाढतात. वरण, पोळी, भात, सगळं घ्या, पोटभर घ्या. आईने दोन्ही हात पुढे करून पोळी घेतली, तसं मुलांनाही शिकवलं. एक दुपार, एक रात्र, एक सकाळ, की दिल्ली.

धुकं वितळायला लागतं ते खालून नाही, वरून. आधी अगदी वरचा पांढुरका मजला उजळतो, जणू दुसरीच कुठली इमारत हवेत टांगली आहे, आणि मधला भाग अजून गायब. मग एकेक सज्जा खाली उतरत येतो. थोरली अकरा वर्षांची आहे, तिला मोजायला आवडतं. ती मिनाराभोवती फिरून येते आणि सांगते, "आजी, खालच्या मजल्यावर एक पट्टी गोल, एक टोकदार, अशा आहेत. दुसऱ्यावर सगळ्या गोल. तिसऱ्यावर सगळ्या टोकदार." आई चष्मा पुसून बघते. खरंच. बत्तीस वर्षांच्या तक्त्यात हे दिसलेलं नव्हतं. कुतुबुद्दीनाने सुरुवात केली, अल्तमशाने वर चढवलं, वीज पडून वरचा भाग ढासळला तेव्हा फिरोजशहा तुघलकाने तो संगमरवर घालून नव्याने बांधला. पाठ असलेली ही तीन नावं ती आता बोटाने दगडावर दाखवते : हे याचं, ते त्याचं, ते वरचं पांढरं त्याचं. लाल दगडावर अक्षरांचे पट्टे गोल फिरत गेलेत. तिला ते वाचता येत नाहीत, पण अक्षर सुबक आहे एवढं तिला लगेच कळतं. शिक्षिकेची नजर आहे ती. "रेघ कुठे हलली नाही बघ. आणि हे दगडावर, हातोडीने."

मिनाराचं दार बंद आहे. लोखंडी जाळी, कुलूप.

त्याच वेळी मागून एक शाळा येते. निळे स्वेटर, गळ्यात ओळखपत्रं, दोघादोघांची रांग, प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरलेला. पुढे एक बाई, मागे एक सर. बाई थांबतात आणि बोट नाचवत मोजायला लागतात. मी आईकडे बघते. तिचेही ओठ हलताहेत. ती त्यांच्याबरोबर मोजतेय. बाईंचा आकडा अठ्ठेचाळीसवर थांबतो, आईचाही. दोघींची नजरानजर होते आणि त्या अनोळखी बाई थोडं हसतात.

दार का बंद आहे ते मला ठाऊक आहे. सांगावं की नाही, असा क्षणभर विचार पडतो. मग सांगते. ४ डिसेंबर १९८१ ला आत, जिन्यात, दिवे गेले. अंधारात रेटारेटी झाली. पंचेचाळीस माणसं गेली, त्यात बरीचशी सहलीला आलेली शाळेची मुलं. तेव्हापासून वर कुणाला सोडत नाहीत.

आई बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहते. तिच्या मनात काय चाललंय ते मी ओळखते. दौलताबादच्या किल्ल्यात अंधेरी आहे. डोंगराच्या पोटातून वळणं घेत वर जाणारा, दिवसाही काळाकुट्ट असलेला भुयारी मार्ग, शत्रूला चकवण्यासाठी खोदलेला. आईने दरवर्षी चौथीचा वर्ग त्या अंधेरीतून नेला. एक टेंभा पुढे, एक मागे, नंतरच्या वर्षांत बॅटऱ्या. आत शिरताना मोजणी, बाहेर पडताना मोजणी. मीही त्या रांगेत होते, तेव्हा ती माझी आई नसायची, बाई असायची. आत वटवाघळं फडफडायची, ओला कुबट वास यायचा, आणि पुढून तिचा आवाज, "हात सोडायचा नाही. कुणाचाच हात सोडायचा नाही."

"मी म्हणायची पोरांना," ती आता म्हणते, "मोठे व्हा आणि दिल्लीला जाऊन कुतुबमिनारावर चढा. तीनशे एकोणऐंशी पायऱ्या आहेत, मोजा म्हणायची." मग जाळीला हात लावून ती नमस्कार करते. देवळाच्या उंबऱ्याला करतात तसा. निळ्या स्वेटरवाल्या बाई एव्हाना मुलांना घेऊन पुढे गेल्यात.

मिनारालगतच मशिदीच्या ओवऱ्या आहेत. कुव्वत-उल-इस्लाम. इथे सत्तावीस देवळांचं सामान वापरलं असं दारावरच्या शिलालेखातच नोंदलंय, ते शोधायला कुठे जावं लागत नाही. खांबांवर खांब चढवून उंची साधलेली. आई एका खांबाशी जाते ती तिथेच थांबते. खांबाच्या अंगावर साखळी कोरली आहे आणि साखळीला घंटा. दगडाची घंटा, तळहातात मावेल एवढी, आणि साखळीची कडी न् कडी सुटी दिसते. आठशे वर्षांहून अधिक काळ लोकांचे हात लागून घंटेचा खालचा काठ गुळगुळीत झालाय. धाकटा उचलून घे म्हणतो. त्याचे बाबा त्याला खांद्यावर घेतात आणि तो बोटाने घंटा वाजवून बघतो. "ट्ण," असं तोंडानेच म्हणतो.

"आपल्या भारतमातेच्या देवळात असेच खांब आहेत की," आई म्हणते. किल्ल्यातल्या त्या दालनात गेलेल्या कुणालाही हे पटेल. यादवांच्या काळातल्या देवळांचे खांब, पुढे खिलजी सुलतानाच्या काळात त्यांची मशीद झाली, आणि १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. खांब तेच. इथल्यासारखेच कुठून कुठून आणलेले. मी लहानपणी त्या खांबांआड लपाछपी खेळलेय. दिल्लीत येऊन ओळखीचा खांब भेटेल असं वाटलं नव्हतं.

लोहस्तंभाला कुंपण आहे, त्याला पाठ लावून हात मागे जुळवण्याचे दिवस गेले. नवऱ्याचा कारखाना लोखंडाचा, तो मुलांना उत्साहाने समजावतो : या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ थर धरतो आणि गंज आत जाऊ शकत नाही. दीड हजार वर्षांहून जास्त झाली. थोरली म्हणते, "मग आपल्या गेटला दर दिवाळीला रंग का लावतो?" याचं उत्तर पुण्याला, घरी गेल्यावर.

मला घाई आहे ती उत्तरेकडच्या कोपऱ्यात जायची. तिथे गर्दी नसते. लोक मिनारासमोर फोटो काढून परत फिरतात आणि हे बघायचं राहून जातं. अलाई मिनार. नुसता ढिगारा, ओबडधोबड दगडांचा, वारुळासारखा, पंचवीसेक मीटर उंच. अलाउद्दीन खिलजीला कुतुबच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायचा होता. पहिला मजला जेमतेम उभा राहिला आणि १३१६ मध्ये तो वारला. वरून दगड चढवायचे राहिले ते राहिलेच.

आई ढिगाऱ्याकडे बघते आणि एकदम वर्गात उभी असल्यासारखी बोलू लागते. "१२९६. अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. चुलत्याला न सांगता तो दक्षिणेत उतरला आणि आपल्या देवगिरीवर आला. रामदेवरायाचं सैन्य त्या वेळी बाहेर होतं. वेढा पडला. कोठारात धान्य समजून ठेवलेल्या गोण्यांत मीठ निघालं." ती थांबते. ही मिठाची गोष्ट आमच्याकडे घराघरात सांगतात, लहानपणी ऐकताना प्रत्येकाला वाटतं की आपण असतो तर आधी गोणी उघडून बघितली असती. "सोनं, मोती, रेशीम, सगळं घेऊन गेला. त्या पैशावर सरदार फोडले, चुलत्याला मारलं आणि दिल्लीचा सुलतान झाला."

"म्हणजे हे आपल्या पैशातून?" थोरली ढिगाऱ्याकडे बोट करते.

"पैसा काय, वीस वर्षांत खर्चही झाला असेल. पण गादी मिळाली ती त्याच्यावर." आई खाली वाकून एक बारीक दगड उचलते, बघते आणि जिथला तिथे ठेवून देते.

ऊन आता चांगलं आलंय. हिरवळीवर आम्ही सगळे बसतो. पोपट किंचाळत मिनाराच्या सज्जात शिरतात, बाहेर पडतात. मी मुलांना जी गोष्ट सांगायची म्हणून आणलंय ती आता सांगायची आहे. आईने मला सांगितली, मी त्यांना. पण मी तोंड उघडायच्या आत आई सुरू करते, आणि ते बरोबरच आहे, गोष्ट तिची आहे.

१३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. आमच्याकडे मुलांना हे शिकवताना कसं शिकवायचं, हा आईपुढे नेहमीचा प्रश्न असायचा. पुस्तकात तो वेडा. कुणाच्याही गलथान कारभाराला आपण तुघलकी म्हणतो. पण त्या वेडेपणामुळेच तर आमचं गाव काही वर्षं हिंदुस्थानची राजधानी होतं. आई म्हणायची, राज्य दक्षिणेत पसरलं होतं, मध्यावर बसून सगळीकडे लक्ष ठेवता येईल असं त्याला वाटलं. विचार अगदीच वाईट नव्हता. माणसांना उचलून न्यायला नको होतं.

"कुठून उचललं?" धाकटा विचारतो.

आई हाताने भोवतालची जमीन दाखवते. "इथूनच."

हे तिलाही आज, इथे बसल्यावर लख्ख जाणवतंय, हे तिच्या आवाजावरून कळतं. आपण दिल्ली म्हटलं की संसद आणि इंडिया गेट डोळ्यांपुढे आणतो. तेव्हाची दिल्ली म्हणजे हा परिसर. कुतुबभोवतीचं जुनं शहर आणि त्याला लागून तुघलकाने तटबंदी घालून वसवलेलं जहाँपनाह. इथल्या विहिरी, इथल्या गल्ल्या, इथले बाजार. सरदार, कारकून, काझी, मौलवी, सूफी, त्यांची बायकामुलं, नोकरचाकर, यांना निघायला सांगितलं. सगळं शहर ओस पडलं असं काही इतिहासकार मानत नाहीत, हलवली ती मुख्यतः वरच्या थरातली माणसं. पण ज्याला घर सोडावं लागलं त्याला तो फरक कसला? पुढे आलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आहे, दुतर्फा झाडं लावलेली, बागेतून चालल्यासारखं वाटावं अशी, आणि टप्प्याटप्प्याला डाकेच्या चौक्या.

"चाळीस दिवस?" थोरली म्हणते. "आपण एका दिवसात आलो."

"लंगर खात," धाकटा भर घालतो.

"मग परत का आले?"

पाणी, अंतर, उत्तरेची सरहद्द. काही वर्षांतच बादशहाने माणसांना परत जायची मोकळीक दिली. कुणी परतले, कुणी वाटेत गेले, कुणी तिथेच राहिले. जे राहिले त्यांची गोष्ट संध्याकाळी, असं सांगून मी उठते. आईच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. हात दिला की घेत नाही, जमिनीला हात टेकून स्वतः उठते.

बाहेर रिक्षावाला विचारतो, "माताजी, कहाँ से आये हैं?"

"दौलताबाद."

तो आरशातून वळून बघतो. पन्नाशीचा माणूस, कानटोपी, मफलर. "वो तुग़लक़ वाला?"

"हाँ, वही." आई खुलते.

"तो आप लोग वापस आ गये!" तो म्हणतो, आणि आम्ही सगळेच हसतो. मेट्रो स्टेशनपर्यंत तो आईशी बोलत राहतो. तिथे पाऊस किती, पीक काय, किल्ला अजून उभा आहे का. आई त्याला अंजिरांबद्दल सांगते, सीताफळांबद्दल सांगते, आणि किल्ल्याचा कडा असा तासलाय की पालही चढणार नाही, हे हिंदीत सांगताना 'पाल'ला शब्द आठवत नाही म्हणून हाताने भिंतीवर पाल सरकवून दाखवते.

यलो लाइनने केंद्रीय सचिवालयाला उतरतो. जेवण कर्तव्यपथाच्या हिरवळीवर. घरचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या दिवशीही धपाटे मऊ आहेत. आईसाठी मी रताळं शोधते. दिल्लीत हिवाळ्यात हातगाडीवर कोळशाच्या आचेत भाजलेली रताळी मिळतात, शकरकंदी म्हणतात. गाडीवाला सोलून, तुकडे करून मसाला भुरभुरणार तेवढ्यात मी त्याला थांबवते, उपासाचं आहे. तो मान डोलावतो, सुरी पुसतो, दुसरं रताळं घेतो, लिंबू तेवढं पिळतो आणि पानाच्या द्रोणात देतो. आई म्हणते, एकादशीला आपण उकडून खातो, त्याच्यापेक्षा हे गोड लागतं.

इंडिया गेट मुलांना पाहायचंच होतं. बेचाळीस मीटर. त्यावर कोरलेली रोमन अक्षरं थोरली फोडते : एका बाजूला १९१४, दुसऱ्या बाजूला १९१९. आई शाबास म्हणते. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सरहद्दीवर मेलेल्या हिंदी सैनिकांसाठी इंग्रजांनी बांधलेली ही कमान. मी आईला विचारते, वर्गात काय सांगायचीस? ती सांगते, शहिदांचं स्मारक एवढंच पुस्तकात होतं. कुठल्या लढाईचे, ते नव्हतं. आता ती साखळीच्या अलीकडून भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करते, पण अंतर फार आहे, नावं नुसती ओळींसारखी दिसतात. शेजारी राष्ट्रीय समर स्मारक आहे, तिथे नावं जवळून वाचता येतात. मुलं तिथे एकेका फरशीसमोर थांबून हळू वाचतात, मराठी नाव आलं की मोठ्याने. अमरज्योतीसमोर धाकटा स्वतःहून टोपी काढतो.

एक मात्र मला सारखं वाटत राहतं, या सरळ रुंद रस्त्यावरून राष्ट्रपती भवनाकडे बघताना. राजधानी हलवणारा म्हणून आपण एकट्या तुघलकाला हसतो. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जने याच शहरात दरबार भरवून कलकत्त्याहून राजधानी दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं, आणि नवं शहर उभं राहून उद्घाटन व्हायला १९३१ उजाडलं. सोळा वर्षांत ते राज्यच गेलं. आपण उभे आहोत ती नवी दिल्ली म्हणजे असाच एक हलवलेला मुक्काम. त्यासाठीही कुणाकुणाची गावं उठलीच असतील की.

चार वाजता आम्ही निजामुद्दीनला निघतो.

हे ठिकाण कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ते आईच्या यादीत आलं त्याला कारण आहे. खुलताबाद दौलताबादपासून जवळ, घाट चढला की आलंच. बाहेरच्या माणसाला खुलताबाद म्हटलं की एकच कबर आठवते, औरंगजेबाची, आणि पुढचं बोलणं तिथेच अडकतं. आम्हाला खुलताबाद म्हणजे भद्रा मारुती, आणि खुलताबाद म्हणजे बुऱ्हाणुद्दीन बाबांचा दर्गा. बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. गुरू १३२५ मध्ये गेले, त्यानंतर थोड्याच वर्षांत शिष्य दौलताबादला आले, त्या लोंढ्याच्या काळात, आणि १३३७ मध्ये तिथेच गेले. निजामुद्दीनांची वचनं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन, तेही खुलताबादच्या मातीत आहेत. जे राहिले, ते हे.

निघायच्या आदल्या दिवशी आईचा एक विद्यार्थी घरी आला होता. चाळिशीचा आहे, खुलताबादला दर्ग्याबाहेर फुलं विकतो. चौथीत असताना अंधेरीत घाबरून आईचा पदर धरून चालला होता, ते दोघंही अजून सांगतात. तो म्हणाला, "बाई, दिल्लीला चाललात तर मोठ्या दर्ग्यावर माझा सलाम सांगा. आमच्या बाबांच्या गुरूचा दर्गा आहे. मला काही जायला व्हायचं नाही." आईने तेव्हा नुसती मान हलवली. पण गाडीत, रात्री, दिवे मालवल्यावर तिने मला विचारलं होतं, "सलाम सांगायचा म्हणजे काय म्हणायचं असतं गं?"

गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, चादरी, अत्तर, उदबत्त्या, कबाबांचा धूर, टोप्या. गुरुवार असल्याने माणूस माणसाला घासून चालतंय. थोरलीने न सांगता आजीचा हात धरलाय. धाकटा बाबांच्या खांद्यावर. चपला एका दुकानात ठेवून गार फरशीवर पाय टेकतो तेव्हा आई क्षणभर शहारते. डोक्यावर पदर तिने गल्लीच्या तोंडाशीच घेतला होता.

आत आल्यावर अंगण अचानक उघडतं. पांढरा घुमट, त्यावर काळसर उभ्या रेषा, कमानींना रंग, आणि सगळीकडे गुलाबाचा वास. समोर अमीर खुस्रोची कबर. ज्याचा त्याचा नमस्कार वेगळा. कुणी कपाळ टेकतंय, कुणी हात पसरून उभं आहे, एक शीख आजोबा उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावताहेत. कोपऱ्यात कव्वाल पेटी उघडून सूर जुळवताहेत.

गाभाऱ्यात बायका जात नाहीत. संगमरवरी जाळीपाशी बसतात, तशी रीत आहे. नवरा आणि धाकटा पाकळ्यांची टोपली घेऊन आत जातात, आई, थोरली आणि मी जाळीशी. जाळीला लाल दोरे बांधलेत, इतके की काही ठिकाणी दगड दिसतच नाही. एका दोऱ्याला बारीकशी बांगडी अडकवली आहे, लहान मुलीच्या मापाची. आमच्या शेजारी एक तरुण बाई जाळीला गाल टेकवून बसली आहे, हलत नाही. आई तिच्या बाजूला मांडी घालून बसते. गुडघे दुखताहेत, पण बसते.

जाळीच्या नक्षीतून आतली हिरवी चादर तुकड्यातुकड्यांनी दिसते. मधूनच माझ्या नवऱ्याचा हात दिसतो, पाकळ्या टाकताना. आई हात जोडते. जोडलेले हात सोडते. मग समोर उघडे धरते, शेजारची बाई धरते तसे. आणि मराठीत, हळू, पण आम्हाला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणते,

"खुलताबादहून आलेय. तुमच्या बुऱ्हाणुद्दीनच्या गावाहून. माझ्या एका पोराने सलाम सांगितलाय. फुलं विकतो तिथे, बाबांच्या दारात. चांगला आहे. अंधाराला घाबरायचा, आता नाही घाबरत."

पुढे काय म्हणावं ते तिला सुचत नाही. ती थोडा वेळ तशीच बसते. थोरली आजीकडे बघते, जाळीकडे बघते, आणि आपलेही हात उघडून धरते.

नवरा बाहेर येतो तेव्हा धाकट्याच्या केसांत पाकळ्या अडकल्यात. कुणीतरी आत त्याच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा फिरवला, ते त्याला सांगायचंय, सगळं एका दमात. त्याच्या मुठीत दोन पुड्या आहेत, पांढऱ्या साखरेच्या वेलदोडा लावलेल्या दाण्यांच्या. "आजी, प्रसाद."

"शिरणी म्हणायचं," आई म्हणते.

कव्वाली सुरू होते. आधी नुसती पेटी, मग टाळ्या, मग एक म्हातारा आवाज अंगणातल्या सगळ्या गजबजाटावरून वर चढतो. दिवे लागलेत. आई एक पुडी उघडत नाही. रुमालात बांधून, गाठ घट्ट करून, ती पिशवीत अगदी तळाशी, धपाट्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवते, दाबली जाऊ नये म्हणून. "फुलवाल्याची," मला सांगते. दुसरी पुडी मांडीवर उलगडते. मान वर करून घुमटामागचं आकाश बघते.

"मावळला का गं?"

"मावळला."

ती चिमूटभर दाणे मुलांच्या हातावर ठेवते, चिमूटभर शेजारच्या बाईच्या हातावर, आणि मग उपास सोडते.